एकशेवीस तासांचा हिशेब

जानेवारीचे दिवस होते. एम.कॉम.च्या दुसऱ्या सत्रातली एक विद्यार्थिनी महाविद्यालयाचे पत्र हातात घेऊन माझ्या टेबलासमोर उभी राहिली. पत्रावर जावक क्रमांक होता, गोल शिक्का होता, माझीच सही होती. ‘सदर विद्यार्थिनीस आपल्या आस्थापनेत १२० तासांचे कार्यप्रशिक्षण घेण्यास परवानगी द्यावी, ही विनंती.’ फक्त आस्थापनेच्या नावापुढची ओळ मोकळी होती. त्या आठवड्यात अशी चाळीसेक पत्रे मी सह्या करून वाटली होती आणि सगळ्यांनाच सांगितले होते, ‘ओळखीत कुणी असेल तर बघा.’ ती म्हणाली, ‘सर, ओळखीत कुणीच नाही. आई-बाप कारखान्याला गेलेत. घरी मी अन् आजी. इथं कुणाचं नाव लिहू?’

बीड जिल्ह्यात ‘कारखान्याला गेलेत’ याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दसरा-दिवाळीनंतर ट्रक आणि ट्रॅक्टर भरून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपून पट्टा पडला की परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल फेडायची म्हणून हा कोयता चार-पाच महिने कोपीत राहतो. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या कितीतरी वाड्या-तांड्यांवर त्या काळात म्हातारी माणसे, शाळेची पोरे आणि कुलपे एवढेच उरते. माझ्या वर्गातल्या अनेक मुलांचे घर हे असे असते.

त्या मुलीशी बोलताना तिच्या पिशवीत एक लांबट वही दिसली. कसली, म्हणून विचारले. आधी लाजली, मग उघडून दाखवली. बापाच्या टोळीचा हिशेब होता. वडील रोज रात्री कारखान्याच्या काट्यावरच्या वजन पावत्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवत आणि ही इथे बसून ते उतरवून घेई. डाव्या पानावर कोयत्यांची नावे, उजवीकडे तारीख, टायरगाडीचे टन, तोडणीचा दर, घेतलेली उचल, आठवडी बाजाराला दिलेली रक्कम आणि शेवटी बाकी. उसाचे वाढे विकून आलेले पैसे वेगळ्या रकान्यात होते. तीन हंगाम ती हे करत होती. मागच्या वर्षी मुकादमाच्या हिशेबात अकरा पावत्यांचे वजन आलेच नव्हते, ते तिने पावती-पावती जुळवून दाखवले आणि टोळीला ते पैसे मिळाले. हे सांगताना तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही. तिच्या दृष्टीने ते घरचे काम होते.

मी वाणिज्य शिकवतो. खतावणी, ताळमेळ, लेखापरीक्षण या गोष्टी मी पंचवीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. माझ्यासमोर एक मुलगी उभी होती जिने खऱ्या पैशाचा खरा ताळमेळ लावला होता. तिला चार श्रेयांक मिळवण्यासाठी मी एखाद्या झेरॉक्स-नेटकॅफेवाल्याची सही आणायला पाठवत होतो. त्या दिवसापासून ही गोष्ट माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

नवीन शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीत राज्यातल्या पदव्युत्तर वर्गांना आधी, आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतल्या पदवी वर्गांनाही, कार्यप्रशिक्षण अभ्यासक्रमाचा भाग म्हणून आले. विद्यार्थी त्याला ‘ओजेटी’ म्हणतात. एका श्रेयांकाला ३० तास या हिशेबाने चार श्रेयांकांचे १२० तास होतात. पदव्युत्तरच्या ८८ श्रेयांकांपैकी ते दुसऱ्या सत्रात येतात. पदवीच्या आराखड्यात ते सहाव्या सत्रात आहेत, म्हणजे २०२४ च्या जूनमध्ये बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला आलेली पहिली तुकडी तिथे पोचते ती २०२६-२७ या वर्षात. आतापर्यंत एकेका महाविद्यालयात हा प्रश्न काही डझन मुलांचा होता. तो शेकड्यांचा होणार आहे.

कल्पनेविषयी माझी तक्रार नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. पुस्तकाबाहेरचे काम हाताखालून गेल्याशिवाय पदवी पुरी होत नाही, हे तत्त्व मला मनापासून मान्य आहे आणि ते आपल्याकडे नवीनही नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी मांडलेल्या नई तालीममध्ये ते होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग घालून दिला, त्यातही ते होते. फरक एवढाच की भाऊरावांनी ‘काम शोधून आण’ असे सांगून पोराला गावात पाठवले नाही. काम संस्थेने उभे केले, त्याचा मोबदलाही संस्थेने ठरवला आणि त्या मोबदल्यावर गरिबाचे पोर शिकले. आज आपण काम शोधायची जबाबदारी पोरावर टाकली, मोबदला वगळला आणि प्रमाणपत्र तेवढे मागितले.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर, कार्यप्रशिक्षणाची जागा शोधणे हे विद्यार्थ्याचे काम नाही, महाविद्यालयाचे आहे. बीडसारख्या जिल्ह्यात हे काम विद्यार्थ्यावर सोपवणे म्हणजे त्याच्या बापाच्या ओळखी तपासणे आहे.

पुण्यातल्या मुलाला कंपन्या दिसतात. हिंजवडीला मावशी असते, मामाचा मित्र कुठेतरी एचआरमध्ये असतो. शिरूर कासार किंवा वडवणीच्या मुलाला काय दिसते? तालुक्याच्या रस्त्यावर कृषी सेवा केंद्र, मेडिकल, मोबाइलचे दुकान, एखादी पतसंस्था, ऑनलाइन अर्ज भरून देणारे सेंटर. त्यातला ओळखीचा माणूस ‘ये, सही करतो’ म्हणतो. अनोळखी माणूस ‘आमच्याकडं काही काम नाही बाबा’ म्हणतो. काही ठिकाणी चक्क पैसे मागितले जातात. पाचशे रुपयांत लेटरहेडवर १२० तास भरून मिळतात. मी मूल्यमापनाला बसतो तेव्हा दैनंदिनी हातात घेताच कळते. तीस दिवसांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेल्या, एकाही पानावर खाडाखोड नाही, रोज सकाळी दहा ते दोन. ‘आज ग्राहकांशी कसे बोलावे हे शिकलो.’ ‘आज संगणकावर नोंदी केल्या.’ कुठल्या नोंदी, हे विचारले की पोर खाली बघते. त्याला दोष देण्याचा अधिकार मला वाटत नाही. मोकळी ओळ मीच त्याच्या हातात दिली होती.

यात पैशाचा प्रश्न आहे आणि तो आपण फार सहज टाळतो. एसटीचा विद्यार्थी पास गाव ते कॉलेज एवढ्याच मार्गाचा असतो. कामाची जागा दुसऱ्या दिशेला असेल तर रोजचे तिकीट खिशातून. तीस दिवस, जाऊन-येऊन. शिवाय त्याच दिवसांत तो कुठेतरी रोजाने जात असतो, तो रोज बुडतो. हंगामात शनिवार-रविवार बापाबरोबर फडात जाणारी मुले माझ्या वर्गात आहेत. परीक्षेच्या आधी एक आठवडा ती हाताला चिंध्या बांधून येतात. त्यांच्यासाठी १२० तास बिनपगारी बसणे ही शिकण्याची संधी नसते, ती उसनवारी असते.

अंबाजोगाईत हा विरोधाभास एकाच गावात दिसतो. तिथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथला एमबीबीएस झालेला विद्यार्थी वर्षभर आंतरवासिता करतो. त्याला विद्यावेतन मिळते, आणि ते राज्याने २०२४ मध्ये दरमहा ११,००० वरून १८,००० रुपये केले. ते योग्यच आहे, तो रात्रंदिवस राबतो. त्याच गावातला एम.ए., एम.कॉम.चा विद्यार्थी जे करतो त्यालाही सरकारी मराठीत आंतरवासिताच म्हणतात. त्याला मिळतो शून्य रुपया. दोघांच्या कामाची तुलना मी करत नाही. पण वैद्यकीय शिक्षणाने एक गोष्ट फार पूर्वी मान्य केली की शिकाऊ माणसाच्या तासांना किंमत असते, त्याला नेमून दिलेला वॉर्ड असतो, वर एक जबाबदार माणूस असतो आणि तो वॉर्ड त्याने स्वतः हिंडून शोधायचा नसतो. बाकीच्या शिक्षणाने यातले काहीच मान्य केलेले नाही.

आणि सरकारकडे पैसा नाही असेही नाही. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात पंतप्रधान इंटर्नशिप योजना जाहीर झाली. देशातल्या पाचशे मोठ्या कंपन्या, २१ ते २४ वर्षांचे तरुण, दरमहा ५,००० रुपये. दोन्ही योजनांत एक अट समान आहे. ज्याचे पूर्णवेळ शिक्षण चालू आहे तो अपात्र. म्हणजे जिथे विद्यावेतन आहे तिथे विद्यार्थ्याला दार बंद आणि जिथे श्रेयांक आहेत तिथे विद्यावेतन नाही. एकाच शासनाच्या दोन विभागांनी एकाच वयाच्या, एकाच घरातल्या दोन भावंडांसाठी दोन नियम केले आहेत. शिकणे सोडलेला भाऊ सहा हजार घेऊन ग्रामपंचायतीत बसतो आणि शिकत असलेली बहीण त्याच ग्रामपंचायतीत फुकट बसते. हा फरक कोणी मुद्दाम केला असेल असे मला वाटत नाही. दोन विभागांनी एकमेकांचे कागद वाचले नाहीत, एवढेच झाले असावे. पण तो मिटवायला फार मोठा कायदा लागत नाही. कार्यप्रशिक्षणाच्या १२० तासांपुरती ही अट शिथिल केली, तरी बीडच्या मुलांचा निम्मा प्रश्न सुटेल.

आता उरलेल्या निम्म्याकडे वळतो, कारण तो आम्हा शिक्षकांचा आहे.

‘बीडमध्ये उद्योगच नाहीत, तर मुलांना पाठवायचे कुठे?’ हे वाक्य मी प्राध्यापकांच्या खोलीत शंभरदा ऐकले आहे, स्वतःही म्हटले आहे. ते खरे नाही. कार्यप्रशिक्षण म्हणजे कंपनी, हे आपण गृहीत धरल्यामुळे ते खरे वाटते. जिल्ह्यात काम पडले आहे, नुसते पडलेले नाही, वाया चालले आहे.

अंबाजोगाईचेच बघा. ‘विवेकसिंधू’ लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधी तिथे आहे. दासोपंतांची पासोडी तिथे आहे, सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर लिहिलेला ग्रंथ. चारशे वर्षे जुने कापड, त्यावरची शाई, अक्षराचे वळण. मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला याहून चांगली प्रयोगशाळा महाराष्ट्रात किती ठिकाणी आहे? पासोडी जपणाऱ्यांच्या परवानगीने, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली तिचे वाचन, नोंदणी, जतनाच्या स्थितीचा अहवाल हे काम एकेका मुलाला १२० तास पुरून उरेल. पण माझ्या माहितीतली मराठीची मुले कार्यप्रशिक्षणाला जातात ती स्थानिक वृत्तपत्राच्या जाहिरात विभागात, नाहीतर डीटीपी सेंटरवर.

बीड शहराजवळची खजाना विहीर १५८२ च्या सुमारास, निजामशाहीच्या काळात बांधली गेली. जमिनीखालच्या नहरींतून तिचे पाणी शेतीला जात आले आहे. दुष्काळाच्या जिल्ह्यात साडेचारशे वर्षे टिकलेली पाण्याची एक रचना. इतिहासाच्या, भूगोलाच्या आणि स्थापत्य पदविकेच्या मुलांनी एकत्र येऊन तिची मोजणी करावी, दर पंधरा दिवसांनी पाण्याची पातळी नोंदवावी, त्या पाण्यावर शेती भिजवणाऱ्या शेतकऱ्यांना भेटावे. पाटोदा तालुक्यातले नायगाव मयूर अभयारण्य प्राणिशास्त्राच्या आणि वनस्पतिशास्त्राच्या मुलांना आहे. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी डोंगरातली सीताफळे पाटीवर मोजून विकली जातात आणि मानांकनाचा फायदा तोडणाऱ्या बाईपर्यंत पोचत नाही. हे का होते, याचा माग काढणे वाणिज्याच्या मुलीचे काम आहे. रेशीम कोषांचा लिलाव बीडच्या बाजार समितीत होतो. मोंढ्यात सोयाबीन आणि कापसाच्या पट्टीवर हमाली, तोलाई, कडता कसा कापला जातो हे शेतकऱ्याच्या मुलालाही माहीत नसते. तो आठवडाभर आडतीवर बसला तर त्याला बापाच्या पट्टीचा अर्थ कळेल.

पतसंस्थांविषयी जरा थांबून बोलायला हवे. २०२३ पासून बीडमध्ये काही मल्टिस्टेट पतसंस्थांना कुलपे लागली आणि हजारो ठेवीदार रस्त्यावर आले. त्यात निवृत्त शिक्षक होते, शेतकरी होते, मुलीच्या लग्नासाठी पैसे ठेवलेल्या बाया होत्या. वाणिज्य शाखेची मुले त्याआधी वर्षानुवर्षे पतसंस्थांमध्ये ‘प्रकल्प’ करत आली होती. त्यांच्या प्रकल्प-वह्यांत संस्थेचा इतिहास, संचालक मंडळाचे फोटो, शाखांची यादी आणि ‘उद्दिष्टे’ असत. ताळेबंद वाचून ‘ठेवीवरचा व्याजदर एवढा कसा परवडतो?’ असा प्रश्न एकाने तरी विचारला होता का? मी तपासलेल्या वह्यांत तो नव्हता, आणि मीही तो विचारायला शिकवले नव्हते. ज्या जिल्ह्यात ठेवी बुडाल्या त्या जिल्ह्यातल्या एम.कॉम.ला ताळेबंद वाचता येत नसेल, तर ते चार श्रेयांक कशाचे?

म्हणून प्रमाणपत्रापेक्षा मला वस्तू हवी. १२० तासांच्या शेवटी विद्यार्थ्याने काहीतरी करून दाखवावे, जे दुसऱ्याच्या उपयोगी पडेल. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधल्या घरांची प्रत्यक्षाशी पडताळणी. एका पाणलोटातल्या विहिरींची यादी. एका आडतीच्या महिनाभराच्या पट्ट्यांचा तक्ता. पासोडीतल्या दोन हातांचे वाचन. दैनंदिनी एका रात्रीत लिहिता येते. ही कामे एका रात्रीत होत नाहीत.

हे करायचे कसे, याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात पडून आहे आणि आपण ते शेजारच्या इमारतीत जाऊन विचारत नाही. समाजकार्याच्या शिक्षणात क्षेत्रकार्य पहिल्या दिवसापासून आहे. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाची समाजकार्याची शाळा निघाली, जी आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते, तेव्हापासून ही शिस्त देशात रुजत गेली. अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये ‘मानवलोक’ सुरू केली. दुष्काळ, पाणलोट, परित्यक्ता स्त्रिया, शेतमजूर हे तिच्या कामाचे विषय राहिले, आणि समाजकार्याचे महाविद्यालयही त्याच प्रवाहात उभे राहिले. या शिक्षणात विद्यार्थ्याला संस्था नेमून दिली जाते. वर्ग आणि क्षेत्र दोन्ही बरोबरीने चालतात. दर आठवड्याला अहवाल लिहावा लागतो आणि मार्गदर्शक तो अहवाल समोर घेऊन विद्यार्थ्याशी एकेकट्याने बोलतो. ‘त्या बाईने असं म्हटल्यावर तू गप्प का बसलास?’ असे विचारतो. शिकणे खरे तर या बोलण्यात होते. बी.एड.लाही वीस आठवड्यांची आंतरवासिता आहे आणि शाळा महाविद्यालय ठरवते. मग कला, वाणिज्य आणि विज्ञानाच्या महाविद्यालयांनाच ते का जमू नये?

का जमत नाही तेही सांगितले पाहिजे, नाहीतर हा लेख अन्याय करेल. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत. शिकवण्याचा भार तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांवर आहे. त्यांना वर्गातल्या तासाचे पैसे मिळतात, मोंढ्यात किंवा पाटोद्याच्या डोंगरात विद्यार्थ्याला भेटायला गेल्याचे मिळत नाहीत. ज्या माणसाला स्वतःच्या पुढच्या वर्षाची खात्री नाही त्याला मी ‘बारा ठिकाणी फिरून जागा ठरव’ असे कोणत्या तोंडाने सांगू? कार्यप्रशिक्षणाचे मार्गदर्शन हा कार्यभार म्हणून मोजला जात नाही तोवर कागदी सह्या चालूच राहणार. विद्यापीठाने आणि शासनाने ही गोष्ट सोडवल्याशिवाय बाकीच्या सूचना हवेत आहेत.

मुलींचा विचार वेगळा करावा लागतो. अनेक घरांत ‘कॉलेजात जा, पण दुकानात बसू नको’ असे सांगितले जाते. त्या बापाची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. एकटीला, अनोळखी ठिकाणी, चार तास, रोज. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने शिकाऊ आणि प्रशिक्षणार्थी स्त्रीलाही संरक्षण दिले आहे. हे आमच्या किती मुलींना माहीत आहे? मोकळ्या पत्राबरोबर हे कोणी सांगत नाही. जागा महाविद्यालयाने ठरवली, दोघी-दोघींना एकत्र पाठवले, मॅडम आठवड्यातून एकदा तिथे गेल्या, तर तोच बाप परवानगी देतो. हे मी पाहिले आहे.

आणि दिनदर्शिका. पदव्युत्तरचे दुसरे सत्र आणि पदवीचे सहावे सत्र, दोन्ही ऐन गाळप हंगामात येतात. आई-बाप नसलेल्या घरात धाकटी भावंडे, म्हातारी आणि जनावरे थोरल्या मुलीच्या गळ्यात असतात. तिला नेमके तेव्हाच ‘रोज चार तास बाहेर जा’ म्हणणे क्रूरपणा आहे. टोळ्या परतल्यावर, एप्रिल-मेच्या सुट्टीत हे तास पूर्ण करू द्यावेत. मुंबई-पुण्याचे वेळापत्रक बीडला लावायची गरज नाही.

आता त्या वहीकडे येतो, कारण सगळ्यात अवघड प्रश्न तिथे आहे. त्या मुलीने जे काम केले त्याला श्रेयांक द्यावेत का? पूर्वानुभवातून आलेल्या शिक्षणाला मान्यता द्यावी, असे नवे श्रेयांक धोरण तत्त्वतः म्हणते. माझा पहिला उत्साह ‘द्या’ असाच होता. मग वाटले, उद्या कोणी म्हणेल, ऊस तोडणे हाही अनुभव आहे, मग पोराला फडातच राहू द्या, श्रेयांक मिळतीलच. ज्या जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, त्या जिल्ह्यात कोयत्याला शिक्षणाचा मुलामा देण्याचे पाप कोणी करू नये. कष्ट म्हणजे शिक्षण नव्हे. पण कष्टाचा हिशेब मांडणे, तो तपासणे, त्यातली लबाडी शोधून काढणे आणि ती दुसऱ्याला पटवून देणे हे निःसंशय शिक्षण आहे. म्हणून सरळ श्रेयांक देऊ नयेत. त्या कामाला मार्गदर्शक द्यावा, प्रश्न द्यावेत, त्यातून अहवाल घ्यावा, आणि मग द्यावेत.

आम्ही तेच केले. मी तिला म्हटले, आस्थापना शोधू नकोस, तुझ्या तांड्यावरच्या आणखी चार टोळ्यांचे हिशेब घे. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड संघटनांच्या बैठकीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली होती. ती वाढ कोयत्यापर्यंत पोचली का, उचलीवर व्याज कसे लागते, वजन पावती आणि मुकादमाची वही यांत अंतर किती, हे शोध. आस्थापना म्हणून या लोकांबरोबर काम करणारी एक सामाजिक संस्था आम्ही जोडून घेतली, नियमात बसण्यासाठी. एप्रिलमध्ये लोक परतले तसे तिने दारोदार जाऊन वह्या, पावत्या आणि नुसत्या आठवणी गोळा केल्या. काही मुकादमांनी वही दाखवली, काहींनी हाकलले. एक मुकादम स्वतःच कर्जात बुडालेला निघाला, त्याची टोळी उचल घेऊन पळाली होती. त्याच्याविषयी तिने तितक्याच काळजीने लिहिले. अहवाल बावन्न पानांचा झाला. त्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या. बाह्य परीक्षकांनी तो दोन तास वाचला आणि एक प्रत मागून नेली.

असे एकीचे झाले. उरलेल्या एकोणचाळीस जणांच्या मोकळ्या ओळी त्या वर्षी जशा भरायच्या तशाच भरल्या गेल्या, आणि त्यांना मीच गुण दिले.

या वर्षी आमच्या विभागाने पत्र वाटण्याआधी जागा ठरवल्या आहेत. दोन ग्रामपंचायती, बाजार समिती, एक जिनिंग, एक दूध संकलन केंद्र, एक सीए कार्यालय आणि ती सामाजिक संस्था. सव्वीस मुलांची सोय झाली आहे. चौदा जणांसाठी अजून जागा नाही. बीड जिल्ह्यात ज्यांचे दुकान, कारखाना, दवाखाना, पतसंस्था, वाचनालय, वर्तमानपत्र किंवा सरकारी टेबल आहे त्यांना माझी विनंती आहे. येत्या महिन्यात एखादे पोर तुमच्याकडे असे पत्र घेऊन येईल. त्याला सही देऊन परत पाठवू नका. त्याला खुर्ची द्या, एक खरे काम द्या, जमले तर एसटीचे भाडे द्या, आणि ते काम चुकले तर त्याला सांगा. आमच्यापैकी कोणी त्याला भेटायला आठवड्याभरात आले नाही, तर महाविद्यालयात फोन करून जाब विचारा.